हा बॉलला हात कधी लावणार?

"मामा, हा माणूस बॉलला हात कधी लावणार?"

१९७७ च्या फाइव्ह नेशन्स या रग्बी स्पर्धेची जुनी क्लिप बघत होतो. भाची शेजारी येऊन बसली. मी कौतुकाने बोट दाखवलं तो रॉबेर पापारेम्बोर्द, फ्रान्सचा उजवा प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीत उजवीकडून रेटणारा गडी. दोन मिनिटं बघून तिने हा प्रश्न टाकला आणि गेली निघून.

माझ्या डोक्यात मात्र तो दिवसभर राहिला.

पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचा हा गडी, ज्युदोतला ब्लॅक बेल्ट. खांदे असे उतरते की स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ वाकून एकमेकांना रेटतात तिथे, समोरच्याला रेटायला नीट आधारच मिळायचा नाही. इतरांना जे कमवावं लागतं ते याला जन्मजात मिळालेलं! (टीव्हीवर ते दिसत नाही. दिसतात फक्त वाकलेल्या पाठी.)

त्या वर्षी फ्रान्सने चारही सामने त्याच पंधरा जणांना घेऊन जिंकले आणि एकही ट्राय (समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे बॉल टेकवणं) होऊ दिला नाही. इंग्लंडला हरवलं ते ४-३ असं, जेमतेम. त्या एका गुणात पुढच्या फळीचा वाटा किती, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? कबड्डीतही पकडीचा गुण एकाच्याच नावावर लागतो, साखळीतल्या दुसऱ्याचं काय?

१९७५ ते १९८३, फ्रान्सकडून ५५ सामने. २००१ मध्ये गेला, जेमतेम बावन्न वर्षांचा.

आणि हो, बॉलला हात लावायचा की तो! देशासाठी आठ ट्राय आहेत त्याच्या नावावर, प्रॉप असून. भाचीला आता त्यातला एखादा दाखवायचाय. कुणाकडे व्हिडिओ आहे का?