खिशात मावणारे पाते

घडीच्या चाकूंचा ट्रे काउंटरवर आला की गिऱ्हाईक आधी सर्वांत मोठ्या चाकूला हात घालते आणि शेवटी लहान विकत घेते. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानांतून हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की गिऱ्हाईक आत शिरतानाच निकाल सांगता येईल, असे आता वाटू लागले आहे. कागलकडचा ऊसवाला शेतकरी असो की शिवाजी उद्यमनगरातला लेथवरचा कारागीर, तो लांब पात्याचा, पितळी कडांचा चाकू उघडतो, तळहातावर तोलतो, पात्यावर अंगठा आडवा फिरवतो, सोबतच्याला दाखवून ‘नाद खुळा’ म्हणतो आणि मग तो मिटून शर्टाच्या खिशात टाकून बघतो. खिसा खाली ओढला जातो आणि सौदा तिथेच फिसकटतो. “ह्यातलाच धाकटा दाखवा की, मालक,” असे म्हणत तो ट्रेच्या दुसऱ्या टोकाकडे वळतो. चाकू किती देखणा आहे हे डोळा ठरवत असला, तरी कोणता खपेल हे शिंपी ठरवतो, असे माझे मत होत चालले आहे.

फ्रान्सच्या ओपिनेल चाकूंकडे पाहिले की हे मत आणखी पक्के होते. आल्प्सच्या डोंगराळ भागात, सावोआ प्रांतात, कोयते आणि कुऱ्हाडी घडवणाऱ्या घरातल्या जोसेफ ओपिनेल या तरुणाने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी एक साधा चाकू तयार केला. बीच लाकडाची गोल मूठ, तिला दिलेली खाच आणि त्या खाचेत मिटणारे एक पाते, एवढाच त्याचा संसार. १८९७ च्या सुमारास त्याने तो १ ते १२ अशा क्रमांकांच्या मापांत काढला. एक नंबरचा इतका चिमुकला होता की तो घड्याळाच्या साखळीला लटकवता येई, आणि बारा नंबरचे पाते चांगले १२ सेंटीमीटर भरते. या सगळ्या भावंडांत जगभर ज्याचे नाव निघते तो मात्र आठ नंबर. त्याचे पाते साडेआठ सेंटीमीटरचे, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, आणि मूठ अशी की चारही बोटे बसून जरासे लाकूड वर उरते. सहा नंबर घेतला तर करंगळी अधांतरी राहते, दहा नंबर घेतला तर तो बसताना मांडीत रुततो. आठ नंबर हा हात आणि खिसा यांच्यातला समझोता आहे.

या चाकूची एक गंमत कोल्हापूरच्या पावसाळ्यात कळते. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावरून वाहू लागले, घरातले दरवाजे फुगून चौकटीत अडकू लागले की ओपिनेलची लाकडी मूठही फुगते आणि खाचेत मिटलेले पाते नखाने उघडेनासे होते. अशा वेळी नख मोडून घेण्यात अर्थ नसतो. मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर टक्कन आपटावे, म्हणजे पाते आपोआप थोडे बाहेर डोकावते. सावोआचे लोक हीच युक्ती पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. मुठीच्या तोंडाशी असलेली पोलादी कडी फिरवली की उघडलेले पाते घट्ट बसते. ही कडी मूळ चाकूत नव्हती, ती १९५५ मध्ये आली. कार्बन पोलादाच्या पात्याने कैरी कापली तर त्यावर निळसर काळे डाग उमटतात आणि घरातली वडीलधारी मंडळी “गंजला बघ तुझा फॉरेनचा चाकू” म्हणून मोकळी होतात. ते डाग गंजाचे नसतात, उलट तांबड्या गंजाला ते थोडीफार आडकाठीच करतात. तरीही पुसून खोबरेलाचे एक बोट फिरवले नाही, तर आषाढात खरा गंज चढायला एक रात्र पुरते. ज्यांना हा सोपस्कार नको असतो ते स्टेनलेस पात्याचा घेतात, आणि सामान्य गिऱ्हाइकाला हा सोपस्कार नकोच असतो.

स्वित्झर्लंडचा लाल चाकू मात्र आमच्याकडे दुकानातून कमी आणि नातेवाइकांच्या बॅगेतून जास्त आला. दुबईहून, जर्मनीहून सुट्टीला आलेला आतेभाऊ चॉकलेटच्या डब्याबरोबर तो आणतो. त्यामागची गोष्ट सैन्याची आहे. स्विस सैनिकांना नव्या बंदुकीची जोडणी सोडवायला स्क्रूड्रायव्हर आणि डबे उघडायला ओपनर लागू लागला, तेव्हा एकाच मुठीत ही हत्यारे बसवलेला चाकू ठरला. पहिले चाकू जर्मनीतून करून आणावे लागले आणि १८९१ मध्ये कार्ल एल्सेनर याने ते देशातच पुरवायला सुरुवात केली. १८९७ मध्ये त्याने अधिक हलका, दुसरे छोटे पाते आणि बाटलीचे बूच काढायचा मळसूत्री आकडा असलेला चाकू नोंदवला. हा चाकू सैन्याने अधिकृतपणे घेतला नाही, पण अधिकाऱ्यांनी पदरचे पैसे मोडून घेतला, आणि जगाने जो डोक्यावर घेतला तो हाच. (बुचाचा आकडा कोल्हापुरात कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो: ओल्या सुतळीची आवळलेली गाठ सोडवायला त्याच्यासारखे दुसरे साधन नाही.)

या घराण्यातही थोरल्याचे कौतुक आणि धाकट्याची विक्री, असाच प्रकार आहे. करवत, भिंग, मासा साफ करायची पट्टी अशी वीस-तीस हत्यारे खच्चून भरलेले मॉडेल शोकेसमध्ये मध्यभागी दिमाखाने उभे असते. एल्सेनरच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा सर्वाधिक खपणारा चाकू मात्र ‘क्लासिक’, अवघ्या ५८ मिलिमीटरचा, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचा. त्यात एक छोटे पाते, कात्री, नखे घासायची कानस, चिमटा आणि दातकोरणे असते. आमच्या घरात या चाकूचे पाते महिन्यातून एखाद्या वेळी उघडत असेल. कात्री मात्र दुधाच्या पिशवीपासून गजऱ्याच्या दोऱ्यापर्यंत दिवसभर राबते. ती रिकामी चटचट वाजवली की आजी आजही भांडण होईल म्हणून दटावते, आणि स्विस कारागिरीला या नियमातून तिने सूट दिलेली नाही. पर्समध्ये हा चाकू बाळगणाऱ्या कित्येक जणी त्याला चाकू म्हणतच नाहीत.

अमेरिकेतला बक कंपनीचा ११० नंबरचा चाकू या सगळ्याला अपवाद वाटतो. १९६० च्या दशकात आलेला, पितळी टोकांचा, पावणेचार इंची पात्याचा आणि जवळजवळ दोनशे ग्रॅमचा हा ऐवज तिकडे लाखोंनी खपला आहे. पाते उघडले की पाठीमागची पट्टी खटकन खाचेत बसते आणि ती दाबल्याशिवाय मिटत नाही. तथापि, त्याच्याबरोबर पट्ट्याला लावायचे चामडी म्यान येते, म्हणजे तो खिशात जातच नाही, आणि म्हणून अपवादही उरत नाही.

अलीकडची तरुण मंडळी दुकानात येऊन पोलादाचा प्रकार, त्याचा कठीणपणा आणि खिशाला अडकवायची क्लिप कोणत्या बाजूला आहे, असे प्रश्न विचारतात. चौकशी चांगलीच आहे. पण फार कठीण पोलादाची धार जास्त टिकत असली तरी ती गेल्यावर परत आणायला तेवढाच घाम गाळावा लागतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला त्यापेक्षा मऊ, दगडावर चार हात मारले की वठणीवर येणारे पाते सोयीचे पडते. सायकलवर चाक बसवून गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी आणि कात्री खुशाल द्यावी. खिशातल्या चाकूचे पातळ पाते देऊ नये, कारण कोरड्या चाकावर ते तापून निळे पडते आणि एकदा पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरला की ती धार आठवडाभरही टिकत नाही. बारीक दगडावर, पात्याचा कोन न बदलता, दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात आणि शेवटचा हात चामड्यावर मारावा. यासाठी कोल्हापूरकराला बाजारातून पट्टा विकत आणण्याची गरज नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चपलेचे चामडे यासाठी फार उत्तम, आणि चपला करणाऱ्या कारागिराकडे त्याची कातरण पोत्याने पडलेली असते. फक्त धार मागे आणि पात्याची पाठ पुढे ठेवून ओढायचे, म्हणजे चामडे कापले जात नाही.

चाकू मोठा नको वाटण्यामागे थोडी भीतीही आहे, ती मान्य केली पाहिजे. रामपुरी चाकूची सिनेमातली ख्याती अशी, की बटण दाबून पाते बाहेर येणारी कोणतीही वस्तू दुकानदार काचेत ठेवायला बिचकतो. शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यावर बंधन आहे, आणि घरकामाची व शेतीची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. ऊसतोडीचा कोयता त्यामुळेच उजळ माथ्याने फिरतो. खिशातला तीन इंची चाकू या मापापासून फार दूर आहे, पण जत्रेच्या गर्दीत झडती घेणाऱ्या हवालदारापुढे नियमांची कलमे म्हणून दाखवण्याची हौस कोणाला असते? पेरू कापायला ठेवलाय, हे ज्या चाकूकडे पाहून पटेल तोच लोक जवळ ठेवतात. तांबूस लाकडी मूठ किंवा लाल प्लॅस्टिक हे काम बिनबोभाट करते. काळी, दातेरी, सैनिकी थाटाची मूठ ते करत नाही.

खपाचा खरा हिशेब मांडायचा झाला तर या सर्व परदेशी पाहुण्यांच्या पुढे आमचे नेलकटर उभे राहील, असा माझा अंदाज आहे. महाद्वार रोडवर कंगव्यांच्या आणि सेफ्टी पिनांच्या शेजारी मिळणाऱ्या त्या चकचकीत नेलकटरच्या पोटात एक बोटभर पाते दुमडलेले असते. त्याला धार बेताची असते, खिळा सैल असतो आणि ते कधी कोणी मुद्दाम विकत घेतलेले नसते. तरी प्रवासात सफरचंद कापायची वेळ आली की डब्यातले चार जण आपापल्या किल्ल्यांच्या जुडग्यातून तेच बाहेर काढतात.

चाकूच्या खपाला खरा धक्का दिला तो विमानतळांनी. २००१ मध्ये अमेरिकेत झालेल्या हल्ल्यांनंतर हातातल्या सामानातून पाती हद्दपार झाली, विमानतळांवरच्या दुकानांतली विक्री बसली आणि स्विस कंपनीला त्याचा चांगलाच फटका बसला. अगदी पात्याशिवायचे हत्यार काढण्याचा विचारही तिने २०२४ मध्ये बोलून दाखवला. उजळाईवाडीच्या आमच्या लहानशा विमानतळावरही तपासणीच्या टेबलाशी कुणाच्या ना कुणाच्या किल्ल्या थांबतात. दोनशे ग्रॅमचा पितळी ऐवज असेल तर मालक सोडायला आलेल्या मेहुण्याला फोन लावून परत बोलावतो. लहान चाकूवाला तो जुडग्यातून सोडवून टेबलावर ठेवतो, विमानात बसतो, आणि परत आल्यावर लक्ष्मीपुरीत जाऊन त्याच मापाचा दुसरा घेतो.