विन्नित्सियाजवळच्या मिशनघरात चार दिवस

आमच्या नगरमध्ये मिशनचा बंगला म्हटलं की उंच जोतं, ऐसपैस व्हरांडा आणि भोवतीची मोठी झाडं आठवतात. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं. माझी पणजी त्याच मिशनच्या मुलींच्या शाळेत अक्षरं गिरवायला शिकली. ‘मडमसाहेब’ हा शब्द आमच्या घरात अजूनही आदरानं उच्चारतात. पण या मडमसाहेब सकाळी उठून काय करायच्या, त्यांच्या घरी पाणी कोण भरायचं, पोर तापानं फणफणलं की त्या कुणाचं दार ठोठवायच्या, हे आजीच्या एकाही गोष्टीत नव्हतं. ते मला कळलं २०१९ च्या सप्टेंबरात, युक्रेनमधल्या एका खेड्यात.

माझी लेक तेव्हा विन्नित्सियाला वैद्यकीयच्या चौथ्या वर्षाला होती. तिथे आपल्याकडची मुलं खूप. शहरात इंग्रजीतून उपासना व्हायची, तिला ती जायची. तिथे वचन सांगायला अधूनमधून येणारे एक अमेरिकन पाळक शहरापासून तासा-दीड तासावरच्या खेड्यात बायको आणि चार मुलांसह राहत होते. मी येणार हे कळल्यावर त्यांनीच निरोप धाडला, ‘आईंना घेऊन या, पण बटाटे काढायला या.’

कीव्हहून विन्नित्सियाला आगगाडीनं आले. पुढचा प्रवास मार्शरूत्काचा, म्हणजे आपल्या वडापसारखी पिवळी छोटी बस. मागच्या बाकावरच्या माणसानं भाडं पुढच्याच्या हातात द्यायचं, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जायचं आणि सुट्टे पैसे त्याच वाटेनं परत यायचे. तासभर मी ते बघत होते, एकदाही कुणाचा हिशेब चुकला नाही. बाहेर नुसती काळी माती. ‘चोर्नोझेम’ म्हणतात तिला, काळी जमीनच. आपली काळी कापसाची जमीन भेगाळते, ही लोण्यासारखी मऊ. सूर्यफुलं काढून झाली होती, धांडं तेवढी उभी होती. विजेच्या खांबांवर करकोच्यांची भलीमोठी घरटी होती, पण पाखरं ऑगस्टमध्येच आफ्रिकेकडे निघून गेलेली.

मिशनघर म्हणजे गावातलंच एक जुनं ‘खाता’, खेड्यातलं घर. मातीच्या पांढऱ्या सारवलेल्या भिंती, निळ्या चौकटीच्या खिडक्या आणि मधोमध ‘पीच’. पीच म्हणजे निम्मी खोली अडवणारी विटांची चूल. तिच्यात भाकरी भाजते, घर ऊबदार राहतं, आणि वरच्या कट्ट्यावर थंडीत माणसं झोपतात. पाणी अंगणातल्या विहिरीचं. रहाटाचं चाक फिरवून बादली वर घ्यायची. पाळकबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पहाटे साडेपाचला उठून त्यांनी सहा बादल्या भरल्या, सरपण आत आणलं आणि मग शांतपणे बायबल उघडून बसल्या. कारण सात वाजता मुलं उठणार आणि मग रात्रीपर्यंत बसायला मिळणार नाही.

दिवस कसा जातो ते मी बघून घेतलं. सकाळी जेवणाच्या टेबलावरच शाळा, गणित-विज्ञान इंग्रजीतून. दुपारनंतर मुलं गावातल्या पोरांत. सगळ्यात धाकटी चार वर्षांची, ती आईशी इंग्रजी बोलायची आणि कोंबड्यांशी युक्रेनियन. कोंबड्यांना इंग्रजी कळत नाही असं तिचं पक्कं मत होतं.

पण मला जे खरं बघायला मिळालं ते स्वयंपाकघरात. तो बेगमीचा महिना होता. युक्रेनमधल्या बाया उन्हाळा-शरदात अख्ख्या हिवाळ्याची तजवीज काचेच्या बरण्यांत बंद करून ठेवतात. बरणी तीन लिटरची. तळाशी शेपूची फुलोऱ्यासकट काडी, लसणाच्या पाकळ्या, ब्लॅककरंटच्या झुडपाचं पान. मग टोमॅटो दाबून बसवायचे आणि वरून उकळतं मिठाचं पाणी. पत्र्याचं झाकण ठेवायचं आणि त्यावर लोखंडी किल्ली बसवून गोल गोल फिरवत कडा आवळायच्या. मी फिरवली तर मनगट भरून आलं. बंद झालेली बरणी उलटी करून जमिनीवर ठेवायची आणि गोधडीत गुंडाळायची, हळूहळू निवावी म्हणून. त्या रात्री ओट्याखाली चौदा बरण्या गोधड्या पांघरून निजल्या होत्या. पाळकबाई सांगत होत्या, पहिल्या वर्षी यातलं त्यांना काहीच येत नव्हतं. जानेवारीत तळघर रिकामं पडलं. तेव्हा शेजारच्या बाबूस्या, म्हणजे आजीबाई, हातगाडीवर बटाटे, बीट, गाजरं आणि आंबवलेला कोबी घालून आल्या. दारातच गाडी उभी करून म्हणाल्या, ‘देवाबद्दल नंतर सांग, आधी पोरांना खायला घाल.’

या बाबूस्या तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या. १९३२-३३ च्या होलोदोमोरच्या वेळी त्या लहान पोर होत्या. सोव्हिएत सरकारनं घराघरातलं धान्य काढून नेलं आणि लाखो माणसं अन्नावाचून मेली. विन्नित्सियाच्या भागाला त्याची झळ फार बसली. जेवताना मी त्यांच्या शेजारी होते. जेवण झाल्यावर त्यांनी टेबलावरचे पावाचे कण तळहाताच्या कडेनं एकत्र ओढले, ओंजळीत घेतले आणि तोंडात टाकले. एक कण फटीत अडकला होता, तो नखानं काढला. घरातली चारही मुलं आता तसंच करतात, त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मी सहा वर्षं डबा खाताना वर्गातल्या मुलांना ‘अन्न टाकू नका’ सांगत आले. त्या टेबलावर मला ते वाक्य आठवलं आणि घास गिळवेना.

बाबूस्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे तिथल्या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या. घरात कोपऱ्यात मूर्तिचित्र, त्यावर भरतकाम केलेला ‘रुश्निक’ पंचा. मिशनघर गावात आल्याला नऊ वर्षं झाली होती, पण मिशनच्या प्रार्थनाघरात बाबूस्या कधी गेल्या नव्हत्या. गावातले म्हातारेकोतारे या मंडळींना अजून ‘श्टुंडी’ म्हणतात. १८६० च्या दशकात दक्षिण युक्रेनमधल्या जर्मन वसाहतकऱ्यांकडे तिथले शेतकरी मजुरीला जायचे. ते जर्मन लोक ठरलेल्या तासाला बायबल वाचत, आणि तासाला जर्मनमध्ये ‘श्टुंडे’. त्यांच्याबरोबर वाचायला बसणाऱ्या शेतकऱ्यांना तो शब्द शिवीसारखा चिकटला. झारच्या काळात त्यांचा छळ झाला. सोव्हिएत काळात अनेक पाळक तुरुंगात गेले, उपासना घरात पडदे ओढून किंवा रानात. मंडळीतल्या एका काकांनी मला त्यांच्या आईची वही दाखवली. बायबल मिळत नसे म्हणून तिनं चारही शुभवर्तमानं हातानं उतरवून काढली होती. बारीक, एकसारखं अक्षर, समास न सोडता. बाहेरून आलेल्या मिशनऱ्यांच्या कितीतरी आधी इथे विश्वास होता आणि त्याची किंमत मोजलेली होती. हे या कुटुंबाला ठाऊक आहे, म्हणून ते आब राखून वागतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

शनिवारी ‘तोलोका’. आपल्याकडे इर्जिक असतं ना, अगदी तसंच. आज एकाचं शेत, उद्या दुसऱ्याचं, मजुरी नाही, जेवण घालायचं. सकाळी दव उतरायच्या आत सगळे बाबूस्यांच्या वावरात. एकजण घोड्याच्या नांगरानं सरी फोडत पुढे, मागे आम्ही वाकून बटाटे वेचणाऱ्या. मोठे वेगळे, बियाण्याचे वेगळे, फुटलेले डुकरांना. पाळक माझ्या पुढच्या सरीत होते, गुडघ्यापर्यंत काळे. बाबूस्या बांधावर स्टुलावर बसून पोती मोजत होत्या आणि कुणाचा बटाटा मातीत राहिला की तिथूनच हाक मारायच्या, ‘सीनू!’ म्हणजे बाळा. अमेरिकेतल्या त्या पन्नाशीच्या माणसाला गावात दुसरं नाव नव्हतं. दुपारी शेतातच बोर्श्ट, म्हणजे बिटानं लाल झालेलं सूप, वर आंबट सायीचा गोळा. मी शाकाहारी नाही, तरी ‘सालो’ म्हणजे मिठातली डुकराची चरबी काही मला जमली नाही. बाबूस्यांनी ते पाहिलं आणि न बोलता माझ्या पानात उकडलेलं अंडं ठेवलं. संध्याकाळी एकतीस पोती भरली.

दुसऱ्या दिवशी रविवारी ‘झ्निवा’, सुगीची उपासना. प्रार्थनाघर म्हणजे एक लांबट खोली, जेमतेम पंचवीस माणसं. पुढे भोपळे, मक्याची कणसं, कोबीचे गड्डे, द्राक्षं आणि मधोमध गोल पाव. डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया, गुडघे टेकून प्रार्थना, मुलांनी म्हटलेल्या कविता, आणि एकाच उपासनेत तीन संदेश. पाळकांचा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात छोटा. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, मी मराठीत प्रार्थना केली. त्या पिकांच्या राशीत एक मोठा नारिंगी भोपळा होता, त्यावर खिळ्यानं क्रूस कोरलेला. तो बाबूस्यांनी पाठवला होता. स्वतः त्या त्यांच्या चर्चला गेल्या होत्या.

परतताना मी पाळकबाईंना विचारलंच, नऊ वर्षांत पंचवीस माणसं, मन खचत नाही का? त्या विहिरीवर होत्या. चाक थांबवून म्हणाल्या, ‘पहिले काही महिने मी मोजत होते. मग हिवाळा आला, तुम्हाला सांगितलं ना, तेव्हा मोजणं राहून गेलं.’ आणि बादली वर घेतली. माझ्या पणजीला ‘अ’ काढून देणाऱ्या बाईच्या पायाशीसुद्धा अशीच बादली असेल, असं मला तेव्हा वाटलं.

२०२१ च्या हिवाळ्यात बाबूस्या गेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध भडकलं. माझी लेक मैत्रिणींबरोबर रोमानियाच्या सरहद्दीवरून बाहेर पडली आणि सुखरूप घरी आली. मिशनघरातली मंडळी गेली नाहीत. बाबूस्यांचं रिकामं घर साफ करून त्यांनी खारकीव्हकडून आलेल्या एका आईला आणि तिच्या दोन मुलांना दिलं.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर पाळकबाईंचा निरोप आला. गावातले कर्ते पुरुष सैन्यात, घोडेवाला पण. तरी तोलोका झाली, कुदळीनं. बाबूस्यांच्या वावरात सव्वीस पोती निघाली. खारकीव्हची ती मुलगी बांधावरच्या स्टुलावर बसून मोजत होती.