अंतर झालं, वाऱ्याचं काय?

नवा खडकाळ ग्रह सापडला की व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दुसरी पृथ्वी’ फिरू लागते. मी म्हापशाला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे ओळखीतले सगळे ते माझ्याकडे पाठवतात आणि खाली लिहितात, ‘खरं का गो?’ माझं उत्तर ठरलेलं आहे. ग्रह ताऱ्यापासून बेताच्या अंतरावर आहे, पाणी उकळणार नाही की गोठणार नाही, हे ठीक. तिथं वारा किती, ते सांगा.

हा वारा ताऱ्याचा. सूर्यातूनही प्रोटॉन-इलेक्ट्रॉनचा लोट सतत बाहेर पडत असतो, सेकंदाला साधारण चारशे किलोमीटर वेगानं. १९५८ साली यूजीन पार्कर या अमेरिकी शास्त्रज्ञानं हे गणितानं मांडलं, तेव्हा नियतकालिकाच्या परीक्षकांनी निबंध नाकारला. संपादक होते खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. कल्पना त्यांनाही पटली नव्हती, पण गणितात खोट सापडेना, म्हणून त्यांनी तो छापला. १९६२ साली मरिनर-२ यानानं शुक्राकडे जाताना तो वारा मोजला.

पेडण्यात आगरवाड्याला माझ्या मामाचं मिठागर होतं. मामा म्हणायचा, ‘वारो नासल्यार मीठ पिकना.’ वारा नसला तर मीठ पिकत नाही. ऊन पाण्याची वाफ करतं, पण ती वाफ वाफ्यावरून हलवायला वारा लागतो. ग्रहाच्या हवेच्या वरच्या थरात अशीच दोघांत वाटून कामं होतात. ताऱ्याचे अतिनील आणि क्ष-किरण तो थर तापवून फुगवतात, अणूंचे इलेक्ट्रॉन उडवून त्यांचे आयन करतात. वाऱ्याबरोबर चुंबकीय क्षेत्रही वाहत येतं. ते विद्युतभारित आयनांना पकडून ओढत नेतं, भार नसलेल्या अणूला मात्र हात लावू शकत नाही.

मंगळाच्या हवेतला बराचसा आरगॉन मात्र गेला आहे, आणि त्याच्या अणूंना तर भार नसतो. मग तो गेला कसा? मला या सगळ्या विषयात आवडतो तो हाच भाग. आरगॉन कशाशी संयोग पावत नाही, त्यामुळे दगडात मुरून बसला म्हणायची सोय नाही. आणि ऊन लागून सहज उडून जाईल इतका तो हलकाही नाही. झालं असं, की वाऱ्यानं पळवलेले काही आयन उलटे फिरून हवेवरच आदळले आणि त्या धक्क्यानं आरगॉनचे अणू बाहेर फेकले गेले. त्यातही हलका आरगॉन-३६ जास्त गेला, जड आरगॉन-३८ मागे राहिला. २०१७ साली मंगळावर पाठवलेल्या नासाच्या मेवन यानाच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या प्रमाणावरून हिशोब मांडला: मंगळाच्या हवेतला सुमारे ६५ टक्के आरगॉन अवकाशात गेला आहे. आपल्या मंगळयानावरच्या मेन्का उपकरणालाही मंगळाच्या वरच्या थरात अपेक्षेपेक्षा तापलेला, म्हणजे जास्त वेगाचा आरगॉन सापडला होता.

इथवर आलं की वर्गातलं कुणीतरी म्हणतंच, पृथ्वीला चुंबकीय कवच आहे म्हणून आपण वाचलो. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘टीचर, मग शुक्राचं काय?’ अगदी नेमका प्रश्न. शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, तरी तिथं हवेचा दाब आपल्या नव्वद पट. त्याच्या आयनांच्या थरात वाऱ्यामुळेच विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि तेच वाऱ्याला अडवतात. उलट आपल्या कवचाला ध्रुवांपाशी वाटा आहेत. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रामार्फत अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती तळांवर गेलेल्यांना आकाशात हिरवा उजेड दिसतो, तो वाऱ्याची ऊर्जा तिथं उतरते त्याची खूण. त्याच भागातून ऑक्सिजनचे आयन बाहेरही निसटतात. मोठं कवच म्हणजे वारा अडवायला मोठा अडसर, आणि वाऱ्याची ऊर्जा गोळा करायला मोठं जाळंही. शास्त्रज्ञांत यावर अजून वाद आहे. पाठ्यपुस्तकात तो एका वाक्यात मिटलेला असतो, याचा मला राग येतो.

आता लाल बटुक तारे, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड. ते मंद, म्हणून बेताच्या तापमानाचा ग्रह त्यांना अगदी चिकटून फिरतो. २०१६ साली सापडलेला प्रॉक्सिमा बी हा ग्रह प्रॉक्सिमा या आपल्या लाल बटुक ताऱ्यापासून सुमारे ७५ लाख किलोमीटरवर आहे, पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या हिश्शावर. त्याचं वर्ष अकरा दिवसांचं. ट्रॅपिस्ट-१ या लाल बटुकाभोवती असेच चिकटून फिरणारे सात खडकाळ ग्रह आहेत. त्यातल्या सर्वांत आतल्या ग्रहाची दिवसाची बाजू जेम्स वेब दुर्बिणीनं मोजली, २०२३ मध्ये आकडा आला सुमारे २३० अंश सेल्सिअस. उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून न्यायला दाट हवा असती तर एवढा आकडा आला नसता.

प्रॉक्सिमाचा वारा सूर्याइतकाच धरला, तर विसाव्या हिश्शाच्या अंतरावर तो पृथ्वीपाशी असतो त्याच्या साधारण चारशे पट दाट. हे गणित बारावीची मुलंही करतात. पण वारा सूर्याइतका धरायचा का? दूरच्या ताऱ्याचा वारा थेट दिसत नाही. तो भोवतालच्या वायूला जिथं थडकतो तिथं हायड्रोजनची भिंत साचते, आणि हबलच्या अतिनील वर्णपटात तिची सावली शोधावी लागते. प्रॉक्सिमाभोवती ती सापडली नाही, म्हणून त्या पद्धतीनं एवढंच म्हणता आलं, की त्याचा वारा सूर्याच्या फार तर पाचवा हिस्सा असेल. म्हणजे चारशे नव्हे, ऐंशी पटीच्या आत. अर्थात हा हिशोब शांत दिवसांचा. प्रॉक्सिमा भडकणारा तारा आहे, आणि प्रत्येक भडक्याला आकडे बदलतात.