दोन वायरी आणि एक टाइमआउट
आज सकाळपासून एका नवख्या पोराने पाठवलेला आयटूसी ड्रायव्हरचा पॅच (कोडमधला बदल) तपासत बसलेलो. आयटूसी म्हणजे चिप्सनी एकमेकांशी बोलायची पद्धत, दोनच तर वायरी, डेटाची एसडीए नि क्लॉकची एससीएल, पण टाइमआउटचा, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट बघायची त्याचा, कोड आला आणि थांबलोच. वेट-फॉर-कम्प्लिशन-टाइमआउट हे लिनक्स कर्नलमधलं वाट बघणारं फंक्शन वेळ संपली की शून्य देतं, निगेटिव्ह कधीच नाही, आणि इथे चेक काय तर शून्यापेक्षा कमी आहे का! म्हणजे सेन्सर गप्प बसला तरी ड्रायव्हर म्हणणार सगळं ओके आणि वर कचरा डेटा जाणार. शिवाय चिपने एसडीए खाली धरून ठेवली तर सोडवायला क्लॉकचे 9 पल्स द्यावे लागतात, ती रिकव्हरी पॅचमध्ये नव्हतीच. त्या पोराचा हा पहिलाच पॅच, खूप मनापासून लिहिलेला, म्हणून प्रत्येक ठिकाणी कारण नीट समजावून लिहिलं. संध्याकाळी त्याचा रिप्लाय आला, टाइमआउट दुरुस्त केलाय, रिकव्हरी उद्या बोर्डावर टेस्ट करतो म्हणाला. इतकं बरं वाटलं ना!