‘नाकातलं हाड वाढलंय’ म्हणजे नेमकं काय?

जळगाव-धुळ्याकडे नाक चोंदलं की निदान ठरलेलं: ‘हाड वाढलं’. कधी दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असतो, पण पुष्कळदा सुजलेलं असतं ते खालचं टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतली अस्तर चढलेली हाडाची गुंडाळी. ते प्रत्येकाला जन्मतःच असतं.

नाकपुडीच्या आत, गालाकडच्या भिंतीवर केळीच्या पोंग्यासारखी गुंडाळी घेतलेली तीन टर्बिनेटं एकाखाली एक असतात. खालचं स्वतंत्र हाड. मधलं आणि वरचं एथमॉइडचे, म्हणजे दोन डोळ्यांमधल्या जाळीदार हाडाचे भाग. गर्भाच्या आठव्या-दहाव्या आठवड्यात भिंतीवर उंचवटे उठतात, त्यांतून हे सगळं घडतं.

खालच्या टर्बिनेटखाली अश्रुनलिका उघडते. तिच्या तोंडाचा पातळ पडदा जन्मापर्यंत सुटला नाही, तर बाळाचा डोळा सारखा गळतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोट ठेवून नाकाच्या कडेने खाली दाबत मालिश करायची. बहुतेकांचं वर्षभरात सुटतं. काजळ मात्र घालू नका, आजी कितीही म्हणो.

खरी गर्दी मधल्या टर्बिनेटखाली. कपाळाचा, गालाचा आणि पुढचा एथमॉइड सायनस (हाडातली हवेची पोकळी), तिघांचा निचरा याच बोळातून होतो. त्यातून गालाच्या सायनसचं तोंड छताजवळ; म्हणजे शेंबूड अस्तरावरच्या सूक्ष्म केसांनी वर ढकलायचा. बोळ जरा अरुंद झाला की तुंबलंच. मधल्या टर्बिनेटमध्ये हवा भरलेली असणं (कोंचा बुलोसा), त्याची गुंडाळी उलटी असणं, डोळ्याच्या खोबणीखाली हालर पेशी (एथमॉइडचा हवेचा कप्पा) असणं, हे सीटी स्कॅनच्या रिपोर्टात येतं आणि माणूस घाबरतो. हे तक्रार नसलेल्यांतही सर्रास सापडतं. त्याने वाट अडली आहे का, एवढंच पाहायचं. नुसत्या नावावरून ऑपरेशन ठरत नाही.

ऑपरेशन ठरलंच, तर ओनोडी पेशी (एथमॉइडचा सर्वांत मागचा हवेचा कप्पा) आहे का हे सर्जनने आधी पाहिलंच पाहिजे. तिच्या भिंतीला लागून डोळ्याची नस जाते. घ्राणखाचेची, म्हणजे नाकाच्या छतावरच्या वासाच्या नसांच्या खाचेची खोलीही मोजायची. केरॉसने या खोलीवरून १९६२ साली केलेल्या वर्गीकरणात ८ ते १६ मिमी हा सर्वांत धोक्याचा गट: तिथलं हाड पातळ, पलीकडे मेंदू. सीटी शक्यतो भर सर्दीत काढू नये, सुजेमुळे सगळंच बंद दिसतं.

आणि सूज उतरवणारा स्टेरॉइड स्प्रे. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारायचा; टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाकडे. पडद्यावर मारत राहिलं की रक्त येतं, औषध भिंतीपर्यंत पोचत नाही आणि मग ‘स्प्रेचा गुण येत नाही’ अशी तक्रार येते. नाक लगेच मोकळं करणारे थेंब मात्र ४-५ दिवसांवर नकोत. त्यांनीच टर्बिनेट पुन्हा सुजतं.