आज दादाने पुढे केलेला कागद
अण्णांच्या वारस नोंदीसाठी आज गावी गेले होते. तलाठ्याकडे अर्ज आणि मृत्यूचा दाखला देऊन झाला. बाहेर आल्यावर दादाने पिशवीतून आणखी एक कागद काढला. हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला आपला हक्क सोडल्याचा कागद! माझं आणि ताईचं नाव आधीच टाईप केलेलं, फक्त सह्या बाकी. "बहिणी सोडतातच की," म्हणाला.

ताईला रडूच फुटलं. अंथरुणाला खिळल्यापासून अण्णा तिच्याकडेच होते. त्यांचं भरवणं, कूस बदलणं, रात्रीची जागरणं, सगळं तिने केलं.

शेत दादाच कसतो, सोसायटीचं कर्जही त्याच्याच डोक्यावर आहे, हे मला दिसतं. पण मग तसं बोलायचं ना आमच्याशी! हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क जन्मतःच दिलाय. दुरुस्ती झाली त्या वेळी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. आणि हक्कसोडपत्र एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की मागे फिरणं फार अवघड.

बायांनो, वारस नोंदीच्या गडबडीत पुढे येणारा प्रत्येक कागद वाचा.

आम्ही सही केली नाही. तिघं बसून कर्जासकट वाटणीचं बोलू, असं दादाला सांगून आलोय. त्याने अजून हो म्हटलेलं नाही.