दुर्बिणीतून सिम्पॅथेक्टॉमी : हातांच्या घामावरील शस्त्रक्रियेचा माझा अनुभव

नोटा मोजताना मला स्पंज लागत नाही, अशी थट्टा बँकेतील सहकारी करीत असत. लहानपणापासून तळहातांना इतका घाम येई की उत्तरपत्रिकेवर हाताखाली रुमाल ठेवल्याशिवाय लिहिता येत नसे आणि ठसे घेणारे यंत्र माझा अंगठा हमखास नाकारत असे. नाशिकच्या थंडीत याच बोटांची टोके आधी पांढरीफटक, मग निळसर पडत आणि ऊब मिळताच लाल होऊन ठणकत. या दुसऱ्या त्रासाला रेनॉ म्हणतात, हे त्वचारोगतज्ज्ञांकडून कळले. थायरॉइड आणि संधिवाताच्या तपासण्यांत काही निघाले नाही.

ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणाने कातडी चुरचुरे आणि गोळ्यांनी तोंड कोरडे पडे. पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवून सौम्य विद्युतप्रवाह सोडण्याच्या उपचाराने मात्र खरा फरक पडला, पण त्यात खंड पडला की घाम परत येई. बोटॉक्सचा परिणाम काही महिनेच टिकतो आणि तळहातावर सुया टोचून घ्याव्या लागतात, म्हणून तो मार्ग मी टाळला.

शल्यचिकित्सकांनी कागदावर बरगड्या काढून समजावले, की पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना सिम्पथेटिक मज्जातंतूंची साखळी असते, तिच्यातूनच घर्मग्रंथींना घाम सोडण्याच्या आणि रक्तवाहिन्यांना आकुंचित होण्याच्या आज्ञा जातात, त्यामुळे ती ठरावीक जागी तोडली (हीच सिम्पॅथेक्टॉमी) की हात कोरडे होतात आणि उबदारही राहतात. घामाबाबत ते निश्चिंत होते. बोटांतील रक्तपुरवठ्याचा गुण मात्र काही काळाने ओसरू शकतो, म्हणून केवळ रेनॉसाठी ही शस्त्रक्रिया करू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हातांचा घाम थांबला की पाठ, पोट आणि मांड्यांना तो वाढतो, तो किती वाढेल हे आधी सांगता येत नाही आणि तोडलेली साखळी पूर्ववत होत नाही. साखळी फार वर तोडली गेली तर पापणी खाली उतरण्याचाही धोका असतो. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी हे सारे ऐकवणारा डॉक्टर मिळणे हे मी माझे नशीब समजतो.

पूर्ण भूल देऊन, एकेका बाजूचे फुप्फुस तेवढ्यापुरते मिटवून, काखेतील लहान छिद्रांतून तिसऱ्या बरगडीच्या पातळीवर साखळी तोडली गेली. शुद्धीवर आल्यावर खोल श्वास घेताना छातीत कळ येत होती, पण सलाइन लावलेला हात गालाला लावला तर तो गरम आणि कोरडा ठणठणीत लागला. छातीत हवा राहिलेली नाही, हे एक्स-रेने पाहून मला घरी सोडले.

आता उन्हाळ्यात दुपारी बनियन बदलावा लागतो आणि तळहातांना भेगा पडू नयेत म्हणून रात्री क्रीम चोळावे लागते. पंख्याखाली बसून काम करणाऱ्या मला हा सौदा परवडला. उन्हातान्हात राबणाऱ्याने मात्र दहादा विचार करावा. पहिला हिवाळा बोटांना निर्धोक गेला. यंदा डाव्या हाताची दोन बोटे पुन्हा पांढरी पडू लागल्याने निफेडिपिन हे रक्तवाहिन्या सैलावणारे औषध सुरू झाले आहे, आणि त्याने रक्तदाब उतरत असल्यामुळे सकाळी अंथरुणावरून सावकाश उठावे लागते.